भाषिक जनगणना : मातृभाषेची नोंद आणि वर्गीकरणाचे प्रश्न

सामाजिक शास्त्रांत आकडेवारीला पुराव्याचे स्थान असते. परंतु आकडा समाजातून तयार स्वरूपात मिळत नाही. संकलन आणि वर्गीकरण या दोन प्रक्रियांतून तो घडत जातो. भारतीय जनगणनेतील मातृभाषाविषयक तक्ते हे याचे ठळक उदाहरण होय.

उत्तरदाता मातृभाषेचे जे नाव सांगेल तेच प्रगणकाने लिहावे. ती भाषा की बोली, हे त्याने ठरवू नये, असा जनगणनेचा दंडक आहे. बोलणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे नोंदविणारी ही पद्धत निश्चितच मोलाची आहे. २०११ मध्ये अशी १९,५६९ नावे जमा झाली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या व १,४७४ नावे अवर्गीकृत ठरून 'इतर' या गटात गेली. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषांची स्वतंत्र आकडेवारी प्रसिद्ध होत नाही. उरलेल्या मातृभाषा अखेरीस १२१ भाषांखाली मांडल्या गेल्या.

या शेवटच्या टप्प्यावर अर्थ बदलतो. २०११ चे हिंदी भाषक ५२.८३ कोटी असे सांगितले जाते. त्यांपैकी 'हिंदी' असे उत्तर देणारे ३२.२२ कोटीच होते. भोजपुरी सांगणारे सुमारे ५ कोटी लोकही याच शीर्षकाखाली येतात. मैथिली १९९१ पर्यंत हिंदीत गणली जाई. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि २००१ च्या तक्त्यांत स्वतंत्र झाली. हे ध्यानात न घेता केलेली दशकांची तुलना फसवी ठरते. (पाठ्यपुस्तकांतून ती सर्रास आढळते.)

महाराष्ट्राच्या दृष्टीने अहिराणीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ग्रिअर्सन यांनी भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा विचार भिल्ल भाषांच्या खंडात केला. महाराष्ट्रात अहिराणीला सामान्यतः मराठीची बोली मानतात. जनगणना मात्र तिला 'खानदेशी' या स्वतंत्र भाषेखाली ठेवते. २००१ मध्ये खानदेशीचे २०.७५ लाख भाषक नोंदले गेले, तर २०११ मध्ये १८.६० लाख. याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. मग घरातून अहिराणी हद्दपार होत आहे, की ती बोलणाऱ्यांनीच प्रगणकाला 'मराठी' असे सांगितले? दोन्ही शक्यतांचे शैक्षणिक परिणाम अगदी भिन्न आहेत. पहिलीत भाषेच्या जतनाचा प्रश्न उभा राहतो. दुसरीत, अहिराणी घेऊन शाळेत येणारे मूल कागदोपत्री मराठी भाषकच ठरते आणि त्याच्यासाठी वेगळ्या प्रारंभिक वाचनसाहित्याची गरजच दिसत नाही.

केवळ भाषानिहाय एकूण आकड्यातून याचा उलगडा होत नाही. त्यासाठी सी-१६ तक्त्यातील मातृभाषानिहाय तपशील पाहावा लागतो. जनगणनेत मातृभाषेखेरीज येणाऱ्या अन्य दोन भाषाही विचारल्या जातात. त्या उत्तरांकडेही लक्ष द्यावे लागते. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेपूर्वी धुळे, जळगाव, नंदुरबार परिसरातील महाविद्यालयांना काही गावांत घरात प्रत्यक्ष बोलली जाणारी भाषा आणि सांगितले जाणारे तिचे नाव, या दोहोंची स्वतंत्र नोंद करता येईल.