विश्लेषण : पिनकोड नगरचा, जिल्हा बीडचा... आष्टीकरांची तक्रार नेमकी काय?

आष्टीच्या माणसाने पुण्यात आपले गाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कोणती आष्टी? वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२च्या लढ्यासाठी ओळखली जाते. सोलापूर जिल्ह्यातील आष्टीजवळ १८१८ मध्ये सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. मग हा माणूस सांगतो, ‘बीडची आष्टी’. समोरच्याच्या डोळ्यांपुढे नकाशा येत नाही, तेव्हा जोड दिली जाते, ‘नगरच्या पुढे, कड्याजवळ’. जिल्हा बीडचा आणि खूण नगरची, या दोन वाक्यांत आष्टीकरांच्या बहुतेक तक्रारी आणि बहुतेक आठवणी सामावलेल्या आहेत. रेल्वे आल्यावर त्या कमी होतील, असे वाटले होते. तसे झाले का?

आष्टी नेमकी कुणाची?

कागदावर उत्तर सोपे आहे. आष्टी हा बीड जिल्ह्यातील तालुका. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, जिल्हा न्यायालय सगळे बीडला. एसटीचे आष्टी आगार बीड विभागात. महसुली विभाग छत्रपती संभाजीनगरचा, महाविद्यालयेही तिथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. गाडीची पाटी ‘एमएच २३’, म्हणजे बीडची.

टपाल खात्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. आष्टीचा पिनकोड ४१४२०३. सुरुवातीचे ४१४ हे आकडे नगरचे. नगर शहराचा पिनकोड ४१४००१ आहे. बीडचा पिनकोड ४३११२२ पासून हा बराच दूर. आष्टीकरांचे रोजचे जगणेही टपाल खात्याच्या बाजूने आहे. मोठे दुखणे निघाले की नगर, कांदा विकायचा तर नगर, लग्नाचा बस्ता बांधायचा तर नगर, पुण्याला जायचे तरी वाट नगरवरूनच. अहमदनगरचे अहिल्यानगर होऊन २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले, पण आष्टीच्या बोलण्यात ते अजून ‘नगर’च आहे.

बीड इतके लांब का वाटते?

अंतर हे पहिले कारण. रेल्वेमार्गाने मोजले तर आष्टी ते नगर ६६ किलोमीटर आणि आष्टी ते बीड सुमारे १०० किलोमीटर. रस्त्याने बीडला जाताना जामखेड लागते आणि जामखेड नगर जिल्ह्यात आहे. म्हणजे स्वतःच्या जिल्ह्याच्या गावी जायला शेजारचा जिल्हा ओलांडायचा. पुढे सौताडा, पाटोदा, मांजरसुंबा असे करत बीड येते. सातबाऱ्याची दुरुस्ती, अपील, जात पडताळणी अशा एकेका कागदासाठी या फेऱ्या घडतात. साहेब रजेवर असतील तर पुन्हा एक फेरी.

जिल्ह्यातील मोठे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. आष्टीच्या रुग्णाला तिकडे नेण्याचा विचार कुणी करत नाही. रुग्णवाहिका नगरच्या रस्त्याला लागते. नगरच्या दवाखान्यांसमोर उभ्या असलेल्या ‘एमएच २३’च्या गाड्या पाहिल्या तर हे सांगावे लागत नाही.

ही रेघ आली कुठून?

आज आष्टी आणि नगरमध्ये फक्त जिल्ह्याची हद्द आहे. १९४८ पर्यंत तिथे दोन राजवटींची सीमा होती. नगर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, तर आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सीमेवर जकात वसूल करणारे करोडगिरीचे नाके असत. नगरकडची माणसे पलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत आणि हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडून अजूनही निघतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामी हद्दीबाहेर कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या. तेव्हा ही सीमा ओलांडणे म्हणजे जीव मुठीत घेणे होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. नाके गेले, पण जिल्ह्याची जुनी रेघ राहिली. सोयरिकी, बाजार आणि यात्रा या रेघेला कधीच फारसे जुमानत नव्हते. तालुक्यातील सावरगावच्या मायंबा येथे मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे, तर नगर जिल्ह्यातील मढीला कानिफनाथांचे. भाविक एकाच फेरीत दोन्हीकडे डोके टेकवतात. वाटेत जिल्हा कुठे बदलला, हे त्यांच्या ध्यानीही नसते.

पाण्याची तक्रार वेगळी कशी?

बीड जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरी खोऱ्यात येतो. जायकवाडी, माजलगाव ही नावे तिकडची. आष्टी तालुक्याचे बरेचसे पाणी मात्र सीना नदीत जाते, सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या धरणांचे पाणी चढून आष्टीला येत नाही आणि कृष्णा खोऱ्याचे पाणी वाटताना आष्टी मराठवाड्यात मोडते. दोन्ही पंगतींत शेवटचे पान आपलेच, ही भावना यातून आली आहे.

त्यावर उपाय म्हणून कृष्णा-मराठवाडा प्रकल्पात आष्टी उपसा सिंचन योजना आहे. उजनीचे पाणी खुंटेफळच्या साठवण तलावात आणायचे, असा तिचा गाभा. मंजुरी, सुधारित मंजुरी, भूसंपादन यात वर्षांमागून वर्षे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिंपोरा ते खुंटेफळ या टप्प्यातील बोगद्याचे काम सुरू करण्याचा कार्यक्रम झाला. तोवर पर्जन्यछायेतील या पट्ट्याची भिस्त मेहेकरीसारख्या तलावांवर, विहिरींवर आणि टँकरवर.

२०१९च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. छावणीत जनावरांबरोबर माणसेही मुक्कामाला असत. वाईट दिवस होते. तरी त्या रात्रीच्या गप्पा, एकमेकांच्या डब्यातील भाकरी आणि शेजारच्या गावची झालेली ओळख आठवणीत राहिली आहे.

निम्मे गाव दिवाळीनंतर कुठे जाते?

पाणी नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. तालुक्यातील अनेक वस्त्यांवर हिवाळाभर म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे तेवढी उरतात.

गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसे परततात आणि बाजाराला पुन्हा रंग चढतो. लग्ने, जत्रा, हगामे सगळे तेव्हाच. म्हणूनच इथल्या अनेकांच्या लहानपणीच्या आनंदाच्या आठवणी भर उन्हाळ्यातल्या आहेत. बाहेरच्याला जो काळ सर्वांत रखरखीत दिसतो, त्याच काळात घर भरलेले असे.

रेल्वे आली, मग अडचण कुठे?

अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलायचा ठरला. प्रत्यक्ष आष्टीला गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ रोजी. स्थानकाचे नाव ‘न्यू आष्टी’. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर २७ वर्षांचे झाले होते. पहिल्या दिवशी गाडी पाहायला लोटलेली गर्दी खरी होती आणि आनंदही खरा होता.

अडचण वेळापत्रकात होती. सुरुवातीला गाडी सकाळी पावणेआठला नगरहून सुटे आणि साडेदहाला आष्टीत येई. अकराला निघून दुपारी दोनच्या सुमारास ती नगरला पोहोचे. आष्टीच्या माणसाला सकाळी नगरला जायचे असते आणि संध्याकाळी परतायचे असते. गाडी नेमकी उलटी धावत होती. दवाखान्याचा नंबर, महाविद्यालयाचा तास, बाजार समितीतला लिलाव यांपैकी काहीच दुपारी दोनला गाठता येत नाही. ६६ किलोमीटरला सुमारे पावणेतीन तास, म्हणजे ताशी २५ किलोमीटरचाही वेग नाही. एसटी महाग पडली तरी आधी पोहोचते, मग डबे रिकामे राहणारच. त्यातच १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून निघालेल्या गाडीला नगरजवळ आग लागली आणि पाच डबे जळाले. प्रवासी कमी होते आणि सगळे वेळेत उतरले, त्यामुळे जीवितहानी झाली नाही.

बीडपर्यंत गाडी गेल्यावर काय बदलले?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. आष्टी आणि बीड पहिल्यांदाच रुळांनी जोडले गेले. जामखेड न ओलांडता जिल्ह्याच्या गावी जायची सोय झाली, ही मोठी गोष्ट.

पण सुरुवातीचे वेळापत्रक पाहा. गाडी सकाळी ६.५५ला नगरहून सुटून १२.३० वाजता बीडला पोहोचणार आणि दुपारी एकला परत निघणार. आष्टीहून त्याच गाडीने जाऊन त्याच गाडीने यायचे तर बीडमध्ये हाती उरतो अर्धा तास, तोही कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुटीच्या तोंडावर. सातबारा बाजूलाच राहो, कचेरीपर्यंत जाऊन यायलाही तो पुरायचा नाही.

रेल्वेची बाजूही आहे. गाडीची रोजची सुरुवात आणि शेवट नगरला होत असल्याने पहिली फेरी तिकडूनच सुटणार. परळीपर्यंतचे काम बाकी आहे. ते झाले की लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि जास्त वेग यांना वाव मिळेल. मात्र आष्टीकरांना हवी असलेली सोय त्याहून लहान आहे. पहाटे आष्टीहून नगरकडे सुटणारी आणि संध्याकाळी नगरहून परतणारी एक गाडी. त्यासाठी नवा रूळ लागत नाही. एक गाडी रात्री आष्टीत मुक्कामाला ठेवावी लागेल.

तक्रार आहे, मग आपुलकी कशाची?

आष्टीच्या तक्रारीचे रूप बदलले आहे. एके काळी ती ‘नाही’ची होती. रेल्वे नाही, पाणी नाही, काम नाही. आता ती ‘आहे, पण’ची झाली आहे. रेल्वे आहे, पण उलटी धावते. योजना आहे, पण पाणी यायचे आहे. ही कुरकुर म्हणजे उदासीनता नव्हे. ज्याने गाव सोडून दिले, तो वेळापत्रक वाचत बसत नाही.

काठावर राहण्याने माणसाला दोन्हीकडची माणसे मिळतात, हेही आष्टीकर जाणतात. मामाचे गाव नगर जिल्ह्यात, बहीण पाटोद्याला, पोरगा पुण्यात कंपनीत, अशी घरे इथे गल्लोगल्ली आहेत. बीडच्या खेपांना वैतागलेला माणूसही बाहेर कुणी विचारले की ‘बीडची आष्टी’ असेच सांगतो. जिल्हा बदलून द्या, असे त्याचे मागणे नसते. जिल्ह्याने आपल्या या टोकाकडे बघावे आणि सकाळची गाडी सकाळी सुटावी, एवढेच असते.