पट्टी कुणाची? जोडलेले फॉर्म चुकतात तेव्हा

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरच्या हळदीचा हिशोब मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये ठेवायचा, तर मुख्य फॉर्मात शेतकरी आणि त्यातल्या सबफॉर्मात त्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, अशी जोडणी करतात. शेतकरी बदलला की पट्ट्याही बदलायला हव्यात.

प्रत्येक शेतकऱ्याखाली सगळ्या गावाच्याच पट्ट्या दिसल्या, तर सबफॉर्मच्या गुणधर्मांतल्या ‘लिंक मास्टर फील्ड्स’ आणि ‘लिंक चाइल्ड फील्ड्स’ या दोन ओळी पाहा. बहुधा त्या रिकाम्या असतात. पट्ट्या असूनही सबफॉर्म कोरा दिसला, तर दोष जोडणाऱ्या रकान्यात शोधावा. नाव किंवा गाव हा दुवा मुळीच करू नये. कुणी ‘शिरड शहापूर’ लिहितो, कुणी ‘शिरडशहापूर’. शेजारच्या वसमतला कुणी बसमत म्हणतो. माणसाला गाव कळते, संगणक फक्त अक्षरे जुळवतो. म्हणून शेतकऱ्याला ऑटोनंबर द्यावा आणि पट्ट्यांच्या टेबलात तोच क्रमांक, प्रकार ‘नंबर’, आकार ‘लाँग इंटिजर’, असा ठेवावा.

पट्ट्यांचा फॉर्म बटणाने वेगळा उघडत असाल, तर नव्या शेतकऱ्याची नोंद आधी सेव्ह करा. नाहीतर पट्टीला मालकच सापडत नाही. आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा.