सरासरीत दडलेली गाठ

सकाळी ७. गॅमा कॅमेऱ्यासमोर कोबाल्ट-५७चा सपाट स्रोत ठेवते आणि प्रतिमा सगळीकडे एकसारखी उमटते का ते बघते. यकृताच्या कर्करोगाचे एक काका आज यायचे आहेत. त्यांना किरणोत्सारी यिट्रियम-९० किती द्यायचं, हे या कॅमेऱ्यावरून ठरणार. इथली खोट थेट डोसमध्ये उतरते.

पावणेआठ. जनरेटरमधून टेक्नेशियम काढलं. ते एमएएला, म्हणजे अल्ब्युमिनच्या बारीक कणांना, जोडलं.

९. कॅथलॅब. जांघेतून घातलेली नळी यकृताच्या धमनीपर्यंत पोचली आहे. निरोगी यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, गाठ मात्र धमनीवर पोसते. सगळा उपचार या फरकावर उभा आहे: यिट्रियमचे सूक्ष्म मणी धमनीतून सोडले की ते जास्त करून गाठीत अडकतात, आणि त्यांचे किरण सरासरी अडीच मिलिमीटरच जातात. मणी नंतर द्यायचे. आज त्याच जागेवरून एमएए सोडायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं. नळीचं टोक थोडं जरी हललं तरी वाटणी बदलते, म्हणून डॉक्टर टोकाची जागा नोंदवून ठेवतात.

१०. काकांना लगेच खाली आणा, असा वॉर्डला फोन. तासाभरात स्कॅन झालाच पाहिजे. उशीर झाला तर एमएएचे कण तुटतात, सुटं टेक्नेशियम जठरात दिसू लागतं आणि फुफ्फुसाचा आकडा, म्हणजे यकृतातून निसटून तिथे गेलेला वाटा, तोही फुगतो. फुफ्फुसात ५ टक्के गेलंय. एका उपचारात तिथला डोस ३० ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) वर जायला नको. मग स्पेक्ट-सीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन. जठर आणि लहान आतड्याजवळ काही चमकत नाही ना, हे दोनदा बघते. तिथे मणी गेले तर व्रण होतो.

११ ते २. दिवसाचं खरं काम. आधीच्या ट्रायफेजिक (तीन टप्प्यांच्या) सीटीवर एकेका कापात गाठीची कड आखायची. या गाठीचा मधला भाग मेलेला आहे, त्यात रक्त जात नाही. तो धरला तर गाठीचं वजन फुगतं आणि जिवंत भागाचा डोस कमी दिसतो. म्हणून तो वगळला. जिवंत गाठ २०० ग्रॅम भरली, त्याच धमनीवरचं निरोगी यकृत १,००० ग्रॅम. दर ग्रॅममागे गाठीत निरोगी भागाच्या चौपट एमएए बसलंय.

२ गिगाबेक्वेरेल दिले तर या १,२०० ग्रॅमना सरासरी ७९ ग्रे मिळतात. वाटणी केली की गाठीला २११, निरोगी भागाला ५३, फुफ्फुसांना सुमारे ५. आता हेच प्रमाण चौपटीऐवजी दीडपट असतं तर? सरासरी तीच, ७९. पण गाठीला जेमतेम ११० आणि निरोगी यकृताला ७३. नुसत्या सरासरीवर डोस ठरवणं मला म्हणूनच मान्य नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या डोसिस्फिअर-०१ या फ्रेंच चाचणीत मोठ्या गाठींना मोजून निदान २०५ ग्रे देण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. त्या गटात ७१ टक्के रुग्णांच्या गाठीने प्रतिसाद दिला, ठरीव डोसच्या गटात ३६ टक्के.

३. काकांचा मुलगा दारात. "मॅडम, बाबांना औषध आजच दिलं ना?"

"नाही हो, आज फक्त पाहणी केली. औषध कुठे जाणार ते दिसलं, आता त्यावरून किती द्यायचं ते ठरतंय." स्क्रीनवर त्याला गाठ दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढी मोठी आहे?" हो म्हणाले. खोटा धीर द्यायचा नाही. वजनं, प्रमाण आणि डोस लिहून कागद डॉक्टरांकडे पाठवला.

५. काल मणी दिलेल्या बाईंचा पेट स्कॅन. यिट्रियममधून दहा लाख विघटनांमागे जेमतेम ३२ पॉझिट्रॉन निघतात, म्हणून स्कॅनला वेळ द्यावा लागतो. त्यांच्या एमएएच्या चित्राशेजारी तो ठेवला. उजवीकडची गाठ जुळते. वरच्या टोकाला मात्र बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी आहे. एमएएमध्ये ती भरलेली होती. तिथला डोस वेगळा काढला, रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत लिहिला आणि पुढच्या सीटीत हीच जागा बघा, असं डॉक्टरांना फोनवरही सांगितलं.