कंपन्यांनी बालहक्कांचा ‘आदर’ करायचा म्हणजे नेमकं काय? ऊसतोडीवरून समजून घेऊ

‘उद्योग आणि बालहक्क’ हा विषय आता व्यवस्थापन, कायदा, समाजकार्य, अर्थशास्त्र अशा कुठल्याही विभागात पीएच.डी.साठी घेता येतो. अडचण एवढीच, की सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाडी हमखास सीएसआरवर जाते. कंपनीने शाळेला किती बाकं दिली, किती दप्तरं वाटली, लाभार्थी किती. हे वाईट काम नाही, पण बालहक्कांचा मूळ प्रश्न यात येतच नाही. तो कुठे आहे हे आज बघू.

आधी चौकट

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा. भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. हा करार सरकारांना बांधतो, कंपन्यांना थेट नाही. मग कंपन्यांची जबाबदारी कुठून येते? 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ‘उद्योग आणि मानवी हक्क’ यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. जॉन रगी यांनी ती तयार केली होती. त्यांचे तीन खांब आहेत : सरकारने हक्कांचं संरक्षण करायचं, उद्योगाने हक्कांचा आदर करायचा, आणि नुकसान झालंच तर पीडिताला दाद मागता आली पाहिजे.

पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन आणि यूएन ग्लोबल कॉम्पॅक्ट यांनी मिळून खास मुलांसाठी 10 तत्त्वं मांडली. ती नुसती पाठ करू नका, नीट वाचा. बालमजुरीचं निर्मूलन हे त्यातलं फक्त एक तत्त्व आहे. तिसरं तत्त्व तरुण कामगारांना, आई-वडिलांना आणि मुलं सांभाळणाऱ्यांना सन्मानाचं काम मिळण्याविषयी आहे. उरलेल्यांत सुरक्षित उत्पादनं, जाहिराती, पर्यावरण, आपत्ती असे विषय येतात. म्हणजे मूल कामावर नसलं, तरी त्याच्या आईला कशा अटींवर राबवलं जातं हासुद्धा बालहक्कांचाच प्रश्न आहे.

या तत्त्वांत दोन शब्द जोडीने येतात, ‘आदर’ आणि ‘पाठबळ’. आदर म्हणजे आपल्या धंद्यामुळे मुलांचं नुकसान होऊ न देणं आणि झालं असेल तर ते भरून काढणं. ही किमान अपेक्षा आहे, तिला पर्याय नाही. पाठबळ म्हणजे त्यापलीकडे जाऊन स्वेच्छेने मुलांसाठी काही करणं. सीएसआर मुख्यतः या दुसऱ्या खात्यात जमा होतं. आणि दुसऱ्या खात्यातली जमा दाखवून पहिल्या खात्यातलं कर्ज फिटत नाही. सगळ्या लेखातली ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

आता फडात जाऊ

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच राहतात. इथे मोजमापाचं एकक माणूस नाही, ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे साधारणपणे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादम या जोडीला उचल देतो आणि ती टनावारी ऊस तोडून फेडायची असते. एखाद्या दिवशी काम चुकलं की ‘खाडा’ लागतो, म्हणजे पैसे कापले जातात.

या रचनेत मूल कुठे आहे? गावी आजी-आजोबा सांभाळणारे असतील तर मागे राहतं, नसतील तर सोबत येतं. कोपीत राहतं. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, कधी मोळी बांधू लागते, वाढं गोळा करते. ऐन शाळेच्या दिवसांत चार-पाच महिने असे जातात.

आता संशोधक म्हणून स्वतःला विचारा : ही मुलगी बालकामगार आहे का? 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 14 वर्षांखालच्या मुलांना सर्वच व्यवसायांत कामावर ठेवायला बंदी आली. पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना बिनधोक्याच्या कामात मदत करण्याची सवलत राहिली. इथे तर शाळाच सुटलेली आहे, मग ‘शाळेनंतर’ म्हणजे कधी? आणि भावाला दिवसभर सांभाळणाऱ्या मुलीचं नाव कुठल्याच हजेरीपटावर येणार नाही. ‘बालकामगार शून्य’ असं कारखान्याने लिहून दिलं तर ते कागदावर कदाचित खरंही असेल. पण म्हणून तिचा शिक्षणाचा हक्क शाबूत राहिला असं होत नाही.

कंपनीचा संबंध कसा ठरवायचा?

मार्गदर्शक तत्त्वांत संबंधाच्या तीन पायऱ्या आहेत. नुकसान स्वतः घडवणं, नुकसानीला हातभार लावणं आणि व्यवहारातून त्या नुकसानीशी थेट जोडलेलं असणं. व्हायवामध्ये यावर प्रश्न येऊ शकतो, म्हणून ऊसतोडीवर लावून बघू.

मुकादमाने मुलाला कामाला लावलं, तर नुकसान त्याने घडवलं. साखर कारखाना म्हणतो, ‘आमचा करार तोडणी-वाहतूकदाराशी, मजुरांशी आमचा काय संबंध?’ पण तोडणी कधी सुरू करायची हे कारखाना ठरवतो, मजुरी टनावर मिळते, उचलीची साखळी त्याच्याच हंगामासाठी चालते आणि मजुरांच्या मुक्कामाची सोय किती करायची हेही बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं. अशा वेळी ‘हातभार’ आहे का, हे तपासावंच लागतं. तिसरी पायरी शीतपेय, बिस्किटं, चॉकलेट बनवणाऱ्या खरेदीदार कंपन्यांची. त्यांनी एकाही मजुराला पाहिलेलं नसेल, पण साखर त्यांच्या मालात आहे. त्यांच्याकडून अपेक्षा अशी, की मोठे गिऱ्हाईक म्हणून असलेलं आपलं वजन वापरायचं.

अहवालात काय दिसतं?

2022-23 या आर्थिक वर्षापासून सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, बंधनकारक केला. त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं. तिथे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कंपनीचे स्वतःचे कारखाने आणि कार्यालयं यांपैकी किती टक्के ठिकाणी बालमजुरीची तपासणी झाली, हा अत्यावश्यक निर्देशांक आहे. पुरवठासाखळीतल्या भागीदारांपैकी कितींची तपासणी झाली, हा मात्र नेतृत्व निर्देशांक, म्हणजे ऐच्छिक. आपली मुलगी नेमकी या ऐच्छिक रकान्यात आहे. शिवाय महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नसतात, त्यामुळे त्यांच्याकडून हा अहवाल येणारच नाही. म्हणून नुसत्या अहवालांवर थिसिस उभा करायचा विचार असेल, तर थोडं थांबा.

‘मुलं काढून टाका’ हा उपाय का नाही?

यासाठी एकदा बांगलादेशात जाऊन यावं लागेल. 1992 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून बनलेल्या मालाच्या आयातीवर बंदी आणणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना घरी पाठवलं. ती शाळेत गेली का? युनिसेफने 1997 च्या आपल्या वार्षिक अहवालात नोंदवलं, की त्यातली अनेक मुलं खडी फोडण्यासारख्या जास्त धोक्याच्या कामांकडे गेली, काही वेश्याव्यवसायातही ओढली गेली. दरम्यान 1995 मध्ये तिथल्या कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला होता. त्यात क्रम बदलला : आधी शाळेची सोय आणि मुलांना विद्यावेतन, मग कामावरून सुटका.

हाच धडा ऊसतोडीला लागू होतो. खरेदीदाराने उद्या ‘या भागातली साखर नको’ म्हटलं, तर कंपनीचं नाव स्वच्छ राहील. उचल मात्र त्या जोडीच्या डोक्यावर तशीच राहील. ‘फडात मूल दिसलं तर दंड’ असा नियम केला, तर मूल कोपीत लपवलं जाईल. म्हणून उपायाची सुरुवात आईच्या कामाच्या अटींपासून होते : मजुरीचा दर, उचलीचा लेखी हिशेब, खाड्याची पद्धत, मुक्कामाजवळ पाळणाघर, गावी चालणारं हंगामी वसतिगृह. यातलं काही सरकारने करायचं आहे, काही कारखान्याने, आणि खरेदीदाराने त्याचा खर्च भावात धरायचा आहे. कुणाकडे काय येतं, हे शोधणं हेच तर संशोधन.

तुमचा प्रश्न कसा बांधाल?

‘साखर उद्योगाचे बालहक्कांतील योगदान : एक अभ्यास’ हे शीर्षक फार पसरट आहे. त्याऐवजी असं विचारा : ‘उचलीची रक्कम आणि मुलाचे शाळेतले प्रत्यक्ष हजर दिवस यांचा काही संबंध आहे का?’ किंवा ‘ज्या कारखान्यांच्या तळावर पाळणाघर आहे, तिथे 10 ते 14 वयाच्या मुलींचा दिवस वेगळा जातो का?’ पहिल्या प्रश्नाला संख्यात्मक पद्धत लागेल, दुसऱ्याला निरीक्षण आणि मुलाखती.

फील्डवर्कसाठी तीन गोष्टी सांगतो. एक, वेळ. जानेवारीत बीडच्या गावात सर्वेक्षण केलं, तर तुमच्या नमुन्यात फक्त मागे राहिलेली मुलं येतील. गाव आणि फड, दोन्हीकडे जावं लागेल. दोन, शाळेचा पट म्हणजे हजेरी नव्हे. पटावर नाव असलेलं मूल फडात असू शकतं. तीन, नैतिकता. पालकांची संमती घ्याच, पण मुलाचा होकारही स्वतंत्रपणे घ्या. मुकादमासमोर मुलाखत नको. तुमच्या एका नोंदीमुळे त्या घराचं पुढच्या हंगामाचं काम जाऊ शकतं, म्हणून कुटुंब ओळखू येईल असा तपशील थिसिसमध्ये येता कामा नये.

सरावासाठी एक काम करा. साखर वापरणाऱ्या कुठल्याही मोठ्या कंपनीचा बीआरएसआर उघडा आणि मुलांविषयीचं प्रत्येक वाक्य ‘आदर’ किंवा ‘पाठबळ’ यांपैकी एका रकान्यात टाका. ‘आदर’ या रकान्यात काय आलं आणि त्यातलं कारखान्याच्या फाटकाबाहेरचं किती, हे मोजा. तिथे जी रिकामी जागा दिसेल, तिथून तुमचा संशोधन-प्रश्न सुरू होऊ शकतो.