दोन मिनिटांच्या प्रसंगामागचे दोन तास

चित्रपटाची कथा विसरली जाते, गाणी मागे पडतात. पण एखादा प्रसंग मात्र वर्षानुवर्षे मनात घर करून राहतो. असे का घडते? ‘संत तुकाराम’पासून ‘सैराट’पर्यंतच्या काही गाजलेल्या मराठी प्रसंगांच्या आधारे घेतलेला हा शोध.

भाईंदर किंवा मीरा रोडहून चर्चगेटला जायचे म्हणजे लोकलमध्ये सुमारे तासभर काढावा लागतो. या तासाभरात पूर्वी वर्तमानपत्रांच्या घड्या उलगडत असत. आता बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो आणि पडद्यावर चित्रपटांतील प्रसंगांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे असतात. एक जण ‘अशी ही बनवाबनवी’ पाहून स्वतःशीच हसतो, तर शेजारचा ‘सैराट’चा शेवट पाहून मोबाइल खिशात ठेवतो. मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी बोलणारी कुटुंबे एकाच इमारतीत नांदणाऱ्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात प्रत्येकाच्या आवडीचा प्रसंग वेगळा असणार, हे उघड आहे. मात्र हे प्रसंग लक्षात का राहतात, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या दोन मिनिटांत सापडत नाही. ते त्याआधीच्या तास-दोन तासांत दडलेले असते. चांगला प्रसंग स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. दिग्दर्शक त्याची जमीन आधीपासून नांगरत असतो, आणि शेवटचे पाऊल टाकण्याचे काम तो प्रेक्षकावर सोपवतो.

शांततेची पूर्वतयारी

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या शेवटच्या प्रसंगात घडते ते असे : आर्चीचा भाऊ आणि त्याचे सोबती आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन हैदराबादेतील तिच्या घरी येतात. ती चहा करते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परत येते तेव्हा आई-वडील रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. मूल रडत बाहेर पडते आणि फरशीवर त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. पार्श्वसंगीत नाही, की रडण्याचा आवाजही नाही.

ही शांतता इतकी असह्य का होते? कारण पूर्वार्धात हाच चित्रपट संगीताने ओसंडून वाहत असतो. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण थेट हॉलिवूडमध्ये केले होते. विहीर, ऊसाचे फड, क्रिकेटचे मैदान, बुलेटवरून फिरणारी आर्ची या साऱ्यांना त्या भव्य सुरावटीची साथ आहे. उत्तरार्धात, परक्या शहरातील झोपडपट्टीत, हे संगीत हळूहळू ओसरते आणि त्याची जागा भांड्यांचे, रस्त्याचे, भांडणाचे आवाज घेतात. शेवटी तेही थांबतात. जवळजवळ तीन तास कानांना जे सवयीचे झाले होते, ते काढून घेतले जाते. प्रेक्षकाला धक्का बसतो तो या वजाबाकीचा.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. मारेकऱ्यांचा हल्ला पडद्यावर दिसत नाही. काय घडले हे समजण्याचे त्या मुलाचे वय नाही. म्हणजे त्या घरात जे झाले त्याचा अर्थ लावणारा एकच उरतो, तो म्हणजे प्रेक्षक. याची खातरजमा करायची असेल, तर याच कथेवर बेतलेला शशांक खेतान यांचा हिंदी ‘धडक’ (२०१८) पाहावा. तिथे शेवट बदलला आहे. नवरा आणि मूल मारले जातात आणि नायिका ते डोळ्यांनी पाहते. घटना तितकीच भीषण आहे. परंतु पडद्यावर आक्रोश करणारे माणूस समोर असल्याने प्रेक्षकाच्या वाट्याचे दुःख तेच वाहून नेते. ‘सैराट’मध्ये ते ओझे उचलायला पडद्यावर कोणीच नाही.

त्याच हातातील दगड

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’तही (२०१३) हेच तंत्र वेगळ्या रूपात दिसते. जब्याने प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावलेला दगड आणि त्यानंतरचा काळोख हा मराठी चित्रपटातील सर्वाधिक चर्चिला गेलेला शेवट म्हणावा लागेल. वरवर पाहता ही एका क्षणाच्या संतापाची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तो दगड चित्रपटाच्या आरंभापासून त्या मुलाच्या हातात आहे. शालूचे प्रेम मिळावे या भाबड्या आशेने जब्या काळ्या चिमणीच्या मागे गलोल घेऊन रानोमाळ हिंडत असतो. नेम धरणारा हा हात प्रेक्षक तासभर कौतुकाने पाहतो. शेवटी नेम तोच असतो, लक्ष्य मात्र बदललेले असते.

त्याआधीचा डुक्कर पकडण्याचा प्रसंगही असाच उभारला आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकरामागे धावणारे हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुकराला अर्थातच राष्ट्रगीताशी देणेघेणे नसते. पुढे बांधलेले डुक्कर वाहून नेताना शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. कोणीही त्यांच्याकडे बोट दाखवत नाही, की त्यावर एक शब्द बोलत नाही. भिंत आणि तिच्यासमोरून जाणारे ओझे एवढेच दाखवून दिग्दर्शक थांबतो. त्या दोहोंची सांगड प्रेक्षक घालतो आणि म्हणून ती त्याची स्वतःची होते. स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा विसरत नाही.

क्रियापदाची करामत

हसवणाऱ्या प्रसंगांचे गणित निराळे असते, असा समज आहे. तो फारसा खरा नाही. सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) बेतलेला, पण वसंत सबनीस यांच्या लेखणीने त्याला अस्सल मराठी केले. घरमालक विश्वास सरपोतदार (सुधीर जोशी) मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतात आणि औषध आणणारा मित्र वारल्याचे सांगून धनंजय माने (अशोक सराफ) निर्विकार चेहऱ्याने कळवतात की, सत्तर रुपयेही वारले.

हसू येते ते क्रियापदामुळे. मराठीत ‘मरणे’ कोणालाही लागू पडते. ‘वारणे’ हे मात्र माणसांसाठी, तेही आदराने आणि आवाज उतरवून वापरायचे क्रियापद. सत्तर रुपयांना ते बहाल करताच पैसे बुडाल्याची तक्रार ही जणू सुतकात केलेली आगळीक ठरते. सरपोतदार रागावू शकत नाहीत, कारण मयताच्या प्रसंगी रागावणे शिष्टाचारात बसत नाही. हा सारा पेच एका शब्दात उभा राहतो. पण त्यासाठी सरपोतदारांचा चिकट काटेकोरपणा आणि मान्यांचा बेरकीपणा आधी परिचयाचा असावा लागतो. शिवाय अशोक सराफ हसत नाहीत. हसण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोडले आहे.

इथे भाषेची मर्यादाही लक्षात येते. ‘सैराट’मधील पावलांचे ठसे कोणत्याही भाषकाला कळतात. ‘वारले’चा अर्थ मराठी न जाणणाऱ्या शेजाऱ्याला समजावून सांगता येतो, परंतु तोवर त्यातील विनोदही वारलेला असतो. एक प्रसंग अधिक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असे यातून ठरत नाही. एकाची पूर्वतयारी चित्रपटाने केलेली असते, तर दुसऱ्याची बरीचशी तयारी प्रेक्षकाच्या घरी, लहानपणापासून होत आलेली असते.

आधीच ठाऊक असलेले दुःख

कधी कधी प्रसंगात काहीच विशेष घडत नाही. प्रेक्षकाला जे ठाऊक असते त्याने तो भारलेला असतो. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला (२००४) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर पाच दशकांनी हा मान मराठीकडे आला. कोकणातून शहरात आणलेल्या परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी मात्र जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा (अरुण नलावडे) नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. एकच धावपळ उडते. डोळ्यांपुढे कायमचा अंधार येण्यापूर्वी नातवाला जग दाखवावे, एवढीच त्यांची इच्छा असते.

शहरातील गर्दी, रंग, खेळणी यांत नवल ते काय? उपनगरांत राहणारा माणूस ते रोज पाहतो आणि पाहूनही पाहत नाही. इथे मात्र प्रत्येक रंगापाशी नजर अडखळते, कारण तो त्या मुलाला पुन्हा दिसणार नसतो. आजोबांचे डोळे पाणावले की नाही, याला फारसे महत्त्व उरत नाही. जे मुलाला ठाऊक नाही किंवा पुरते उमगलेले नाही, ते प्रेक्षकाला ठाऊक असते. माहितीतील ही दरीच प्रसंगाला वजन देते.

रागामागील भूक

हे तंत्र नवे नाही. दामले-फत्तेलाल यांच्या ‘प्रभात’निर्मित ‘संत तुकाराम’ची (१९३६) पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाइतकीच गौरी यांची जिजाई आजही आठवते. मूल आजारी पडते तेव्हा ती हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला थेट देवळात शिरते. केवळ हा तुकडा पाहिला तर ती कजाग किंवा नास्तिक बाई वाटेल. पण त्याआधी तिचा रिकामा शिधा, उपाशी पोरे आणि अभंगांत रमलेला नवरा प्रेक्षकाने पाहिलेला असतो. तिचा राग हा संसाराचा हिशोब आहे. शिवाय ज्याच्यावर वहाण उगारायची तो देव आहे याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. बाजू तुकारामाची घ्यावी की तिची, हे चित्रपट सांगत नाही. दोन्ही खरे वाटत राहतात आणि म्हणूनच प्रसंग संपत नाही.

वाट पाहायला लावणारा कॅमेरा

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) तर प्रेक्षकाला भरीव काम दिले आहे. गीतामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप एका लोकशाहिरावर ठेवला जातो. कॅमेरा बहुतांश वेळा दूर, एका जागी स्थिर असतो. कोणाकडे पाहायचे ते तो सांगत नाही. शेवटाकडे सुट्टीपूर्वी न्यायालयाचे दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ अंधारात राहतो. चित्रपट संपला, असे वाटून प्रेक्षक उठण्याच्या तयारीत असतानाच न्यायाधीशांची सहल सुरू होते. अखेरीस बाकावर डुलकी घेणाऱ्या न्यायाधीशांना मुले ओरडून दचकवतात. ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. त्या अंधारात अडकून पडलेला खटला कोणीही बोलून दाखवत नाही. तो आठवतो प्रेक्षकालाच.

तुकड्यांत काय हरवते?

या साऱ्या उदाहरणांचा धागा एकच आहे. चांगल्या प्रसंगात एक जागा जाणीवपूर्वक रिकामी ठेवलेली असते आणि ती भरण्याचे साहित्य आधीच प्रेक्षकाच्या हाती दिलेले असते. मोबाइलवरील तुकड्यात ती रिकामी जागा येते, साहित्य मात्र येत नाही. ‘सैराट’चा शेवट मग केवळ एका हत्येची दृश्यफीत उरतो आणि डब्याच्या खडखडाटात त्यातील शांतताही ऐकू येत नाही. जब्याचा दगड हा एका पोराचा आततायीपणा ठरतो, जिजाई भांडकुदळ ठरते आणि ‘कोर्ट’मधील अंधार तर बोटाच्या एका फटकाऱ्याने पुढे सरकवला जातो.

नुकसान केवळ कलेचे नाही. माणूस असा का वागला, हे आधीच्या घटना समजल्याशिवाय ठरवू नये, ही सवय असे चित्रपट नकळत लावत असतात. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या वादावरून मीरा रोड देशभर गाजले तेव्हाही लोकांपर्यंत प्रथम पोहोचली ती अशीच काही क्षणांची दृश्यफीत. त्याआधी आणि त्यानंतर काय घडले, हे विचारण्याचा धीर फार थोड्यांपाशी होता.

तुकडे पाहू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. आवडत्या प्रसंगाची पुन्हा पुन्हा भेट घेण्याचा आनंद मोठाच असतो. परंतु ज्याने मूळ चित्रपट पाहिला आहे त्याच्यासाठी तो तुकडा म्हणजे ओळखीच्या घराची किल्ली असते. ज्याने पाहिलेला नाही त्याच्या हाती नुसतेच लोखंड पडते. एखादा प्रसंग खूप आवडला, तर एखाद्या रविवारी त्याच्या आधीचे दोन तास काढून पाहावेत. मराठी न समजणारा शेजारी सोबत असल्यास उत्तम. ‘वारले’ समजावून सांगताना थोडी तारांबळ उडेल. पावलांच्या ठशांपाशी मात्र दोघेही सारखेच गप्प होतील.