शौकाचा बोकड, निवांत मालक

२०२० सालच्या शेवटी आटपाडीच्या बाजारातल्या एका माडग्याळ मेंढ्याची बातमी देशभर गाजली. गिऱ्हाईकाने सत्तर लाख देऊ केले, मालकाने ते नाकारून दीड कोट सांगितले. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही जात, बाकदार नाक, लांब कान, उंचपुरा बांधा. त्यामुळे फोटोही भरपूर फिरले. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मालकाने पुढे जे सांगितलं ते मात्र फारसं कुणी ऐकलं नाही. त्याला मेंढा विकायचाच नव्हता. गिऱ्हाईक मागे हटेना, तेव्हा कुणी देणारच नाही अशी किंमत त्याने सांगून टाकली. शौकाची जनावरं पाळणाऱ्याने या प्रकरणात पाहावं ते हेच. हा मालक सौदा सुरू होण्याआधीच निर्णय घेऊन बसला होता, म्हणून सत्तर लाख ऐकूनही तो जागचा हलला नाही.

शौकाच्या बोकडांची दुनिया गेल्या काही वर्षांत आपल्याकडे फार वाढली. यात्रा आणि कृषी प्रदर्शनं तर पूर्वीपासूनची आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, पशुप्रदर्शन होतं, बक्षिसं दिली जातात. पण बोकडाला खरा भाव चढतो तो बकरी ईदला. १९७१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या देवनार कत्तलखान्यात ईदच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून ट्रकच्या ट्रक उतरतात. सोजत, सिरोही, कोटा, तोतापरी, बीटल, जमनापारी ही नावं तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. आपल्याकडचे उस्मानाबादी आणि संगमनेरी बोकडही त्यात असतात. भिवंडी, मालेगाव, संभाजीनगर या भागांत तर वर्षभर खास ईदसाठी बोकड तयार करणारे गोठे आहेत. कुर्बानीचं जनावर निर्दोष असावं लागतं: शिंग मोडलेलं, कान कापलेला, पाय लंगडा चालत नाही. शिवाय वर्ष पूर्ण झालेलं हवं. म्हणून गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघतं, मग पाठीवरून हात फिरवतं. अंगात भरलेल्या बोकडाचा कणा बोटांना सहज लागत नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंना मांस घट्ट लागतं. हात सरावलेला असला की वजनकाट्याआधीच अंदाज येतो.

आता बोअर या परदेशी जातीबद्दल. पांढरं अंग, तांबूस तपकिरी डोकं, लोंबते कान, शंभर किलोच्या पुढे जाणारा पूर्ण वाढीचा नर. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप भागातल्या शेतकऱ्यांनी ही जात निवडीने घडवली आणि १९५९ साली तिथे बोअर पैदासकारांची संघटना झाली. आपल्याकडे या जातीवर शास्त्रशुद्ध काम झालं ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत. तिथल्या पशुसंवर्धन विभागाची धुरा वाहणाऱ्या डॉ. चंदा निंबकर या इरावती कर्वे यांची नात, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. माणसं आणि जनावरं यांच्याकडे बारकाईने बघण्याची सवय त्या घरात पिढ्यांची आहे. बोअर नराचा गावरान किंवा उस्मानाबादी शेळीशी संकर केला की करडांची वाढ सुधारते, एवढा साधा हिशोब त्या कामामागे होता. बाजाराने त्यातला हिशोब बाजूला ठेवला आणि नुसतं नाव उचललं. आज अर्ध्या रक्ताचं करडू ‘प्युअर’ म्हणून खपवणारे भेटतात आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून लाखभर रुपये मोजणारेही भेटतात.

हे सगळं अमेरिकेत आपल्या आधी घडून गेलं आहे. तिथे बोअर १९९३ च्या सुमारास पोचला आणि पहिल्या काही वर्षांत एकेका जनावराला हजारो, काही वेळा दहादहा हजारांच्या पटीत डॉलर मोजले गेले. थोड्याच वर्षांत भाव कोसळले. कारण समजायला अवघड नाही. सुरुवातीला बोअर घेणारा प्रत्येक जण पैदाशीसाठी घेत होता, म्हणजे घेणारा पुढच्या घेणाऱ्याच्या भरवशावर होता. पैदासकार पुरेसे झाले की जनावराला उरतो तो मटणाचाच भाव. आपण हाच प्रकार इमूत पाहिला आणि २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांतही पाहिला. अनेक शेतकऱ्यांनी जमिनी गहाण टाकून पैसे घातले होते. त्या कुटुंबांकडे पाहिल्यावर शौकाच्या बोकडाचं कौतुक करताना हात आखडता घ्यावासा वाटतो.

पैशाचा ताण मालकाच्या डोक्यातून खुराकाच्या घमेल्यात उतरतो, आणि या धंद्यातलं खरं नुकसान तिथेच होतं. ईद महिन्यावर आली, बोकडाचं वजन अपेक्षेपेक्षा कमी भरलं, की मक्याचा भरडा एकदम दुप्पट होतो. शेळी रवंथ करणारं जनावर आहे. तिच्या कोठीपोटातल्या जिवाणूंना नव्या खुराकाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल वाढतं, बोकड चारा सोडतो, पातळ हगवण लागते, कधी पोट फुगून दगावतो. आंत्रविषार हा रोग तर नेमका सगळ्यात तयार, सगळ्यात खाऊपिऊ करडावर आधी झडप घालतो. रात्री ठणठणीत असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. पावसाळ्यापूर्वी त्याची लस टोचून घेतली आणि खुराक हळूहळू वाढवला, तर यातलं पुष्कळ टळतं.

खच्ची केलेल्या बोकडाला आणखी एक धोका असतो, तो मुतखड्याचा. फार लहानपणी खच्ची केलं तर मूत्रनलिका अरुंद राहते. धान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. असा खुराक महिनोन्‌महिने चालला की लघवीत बारीक खडे धरतात आणि नलिकेच्या टोकाशी अडकतात. बोकड पाय फाकवून उभा राहतो, शेपटी हलवत राहतो, कण्हतो, कुंथतो. मालकाला वाटतं संडास अडली. तो तेल पाजतो. अशा वेळी खाली वाकून लिंगाच्या तोंडाशी असलेल्या केसांना बोटं लावून बघावी. केस कोरडे असतील आणि बोटांना वाळूसारखी खर लागली, तर एक तासही न दवडता डॉक्टर बोलवावा. मूत्राशय फुटलं की मग हाती काही राहत नाही. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, सुका चारा भरपूर असावा, मिठाची वीट टांगलेली असावी म्हणजे पाणी जास्त पितो, आणि पाणी स्वच्छ असावं. मोठ्या गोठ्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने नवसागरही देतात. यातलं काहीही महाग नाही. फक्त रोज पाच मिनिटं बोकडाजवळ नुसतं उभं राहून तो मुततो कसा, रवंथ करतो का, लेंड्या कशा टाकतो हे बघावं लागतं. ज्याचं डोकं भावात गुंतलेलं आहे त्याला ती पाच मिनिटं मिळत नाहीत.

माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव जनावराला कळतो, हेही आता अभ्यासातून पुढे आलं आहे. २०१८ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका शेळ्यांच्या आश्रमात प्रयोग केला. एकाच माणसाचे हसरा आणि रागीट असे दोन फोटो लावले, तर शेळ्या हसऱ्या चेहऱ्याकडे अधिक ओढीने गेल्या. शेळ्या राखणाऱ्या कुठल्याही म्हातारीला हे सांगितलं तर ती म्हणेल, यात नवीन काय. प्रदर्शनाच्या बोकडाला दाव्याला धरून चालायला, मान वर करून उभं राहायला शिकवावं लागतं. ओढाताण करून शिकवलेला बोकड रिंगणात अंग चोरतो. रोज संध्याकाळी थोडा वेळ, हातात शेवग्याचा किंवा सुबाभळीचा पाला घेऊन, असं शिकवलेला बोकड परक्यानेही पाठीवर हात ठेवला तर उभा राहतो. एकटा बोकड तर कधीच ठेवू नये. कळपाचं जनावर आहे ते, एकटं पडलं की ओरडून ओरडून चाराच सोडतं.

विक्रीचं गणित तारखेभोवती फिरतं, आणि तारीख दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. २०२३ मध्ये बकरी ईद जूनच्या अखेरीस होती, २०२५ मध्ये ७ जूनला. येती काही वर्षं ती मे महिन्यात आणि मग एप्रिलकडे जाणार आहे. म्हणजे बोकड अंगात भरण्याचा शेवटचा काळ ऐन उन्हाळ्यात येणार, जेव्हा हिरवा चारा नसतो आणि उन्हाने जनावर खाणं कमी करतं. शेळी पाच महिने गाभण राहते आणि बोकडाचं वर्ष भरायला हवं. हे दोन्ही धरून उलटं मोजलं तर फळवण्याचा महिना जवळजवळ दीड वर्ष आधी ठरवावा लागतो. मूरघास, सुक्या शेंगा, तुरीचं भूस हिवाळ्यातच साठवून ठेवावं लागतं. एवढं आधी ठरलं की शेवटच्या महिन्यातली तारांबळ आपोआप कमी होते.

तरीही जे आपल्या हातात नाही ते नाहीच. २०२० मध्ये ईद १ ऑगस्टला आली. करोनामुळे सरकारने जनावरांचे बाजार बंद ठेवले, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून करायला सांगितलं, शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानीचं आवाहन केलं. सगळं भांडवल चार-पाच शौकाच्या बोकडांत घातलेल्यांचे फार हाल झाले. ज्यांच्याकडे व्यायच्या शेळ्या होत्या, ज्यांना बोकड आठवडी बाजारात मटणाच्या भावाने काढणं परवडत होतं, ते तगले. माझ्या मते या धंद्यातला निवांतपणा स्वभावातून कमी आणि हिशोबातून जास्त येतो. शौकाच्या बोकडाचा पैसा आला नाही तरी ज्याची चूल पेटती राहते, तोच हेड्याच्या रुमालाखाली आपल्या बोटांवर पडलेला कमी आकडा नाकारू शकतो. कमीत कमी किती घ्यायचे हे घरून निघताना घरच्यांसमोर ठरवलेलं असावं. ट्रकमध्ये भरून मुंबईला नेलं की वजन उतरतं आणि मुक्कामाचा खर्च चढतो, म्हणून पहिल्या दिवशी आलेलं रास्त गिऱ्हाईक सोडू नये.

सगळ्यात अवघड गाठ मायेची आहे. कॅलिफोर्नियात २०२२ साली जे घडलं ते शेळ्या पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. तिथे शाळकरी मुलं जत्रेसाठी शेळ्या वाढवतात, रिंगणात फिरवतात आणि लिलावात विकतात. विकलेलं जनावर थेट कत्तलीला जातं. शास्टा जिल्ह्याच्या जत्रेत नऊ वर्षांच्या एका मुलीने ‘सीडर’ नावाचा बोकड आणला होता. लिलावात बोली लागली ९०२ डॉलरची. मुलगी त्याला सोडायला तयार होईना. आईने जत्रेचा वाटा, सुमारे ६३ डॉलर, आणि होईल ते नुकसान भरून देऊ केलं. बोली लावणाऱ्या लोकप्रतिनिधीचीही हरकत नव्हती. जत्रेचे अधिकारी नियमावर अडून बसले. दूर नेऊन ठेवलेल्या त्या बोकडासाठी पोलीस शेकडो मैल गाडी हाकत गेले, तो ताब्यात घेतला आणि तो कापला गेला. पुढे खटला झाला आणि २०२४ मध्ये तीन लाख डॉलरवर तडजोड झाली. नियम मुलांना धंद्याची शिस्त लावण्यासाठी असतात, हे मला मान्य आहे. पण ६३ डॉलरसाठी ज्यांना आपली पकड सैल करता आली नाही, त्यांनी त्या मुलीला काही शिकवलं असं मला वाटत नाही.

आपल्या घरांतही हे घडतं, फक्त त्याची बातमी होत नाही. ज्या बोकडाला पोरांनी नाव दिलं, शाळेतून आल्यावर पाला चारला, तो एका सकाळी दाव्याला नसतो. पोरांना करडू हातात देतानाच सांगावं: हा विकायचा आहे, ही पाठ मात्र तुझी, ती गोठ्यात राहणार. पाठ म्हणजे मादी करडू; ती मोठी होऊन व्याली की पोराला नवी करडं मिळतात आणि घरालाही पैदास मिळते.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटी सहा लाखांच्या आसपास शेळ्या होत्या. त्यांत शौकाचे बोकड अगदी मोजके. बाकी सगळा डोलारा साध्या शेळ्यांवर आहे: मराठवाड्यातली काळी, जुळी देणारी उस्मानाबादी, नगर-नाशिककडची संगमनेरी, विदर्भातली बेरारी, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ. यंदा पहिल्यांदाच शौकाचा बोकड घेण्याचा विचार करत असाल, तर तो पैसा आधी दोन गाभण उस्मानाबादी शेळ्यांत आणि पीपीआर रोगाच्या लसीत घाला. त्यांची करडं वर्षभर जगवून दाखवा. मग बोकड घ्या, आणि घेण्याआधी तो विकायचा की राखायचा, हे घरात सगळ्यांसमोर ठरवून टाका.