हॅकिंग शिकायचंय? आधी स्वतःचं कुलूप आणा!

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय.

माझी मामेबहीण बाहेरून बीसीए करतेय. परवा तिचा मेसेज आला, "दादा, एसक्यूएल इंजेक्शन वाचलं. आमच्या जुन्या शाळेच्या साइटवर करून बघू?"

मी लगेच फोन लावला. म्हटलं, अजिबात नाही! परवानगीशिवाय कुणाच्या सिस्टिममध्ये शिरलं, तर आयटी कायदा २००० चं कलम ४३ लागतं. हेतू वाईट ठरला तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग सराव करायचा कुठे? कॉलेजवाल्यांना निदान लॅब असते. घरून शिकणाऱ्यांसाठी उपाय म्हणजे व्हर्च्युअल लॅब.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्याच लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. असे दोन घ्यायचे. एक हल्ला करणारा, दुसरा मुद्दाम कच्चा ठेवलेला. नेटवर्क 'होस्ट ओन्ली' ठेवलं की ही मारामारी घरातच राहते, इंटरनेटवर जात नाही. आणि सुरुवातीलाच स्नॅपशॉट घ्यायचा. सगळं बिघडलं तरी मशीन पुन्हा होतं तसं! कॉलेजात मशीन बिघडवलं की सर ओरडतात, इथे बिघडवणं हाच अभ्यास.

तयार काही हवं असेल तर सीड लॅब्स बघा. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे प्रा. वेनलियांग डू यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. फुकट आहे. त्यांच्या एसक्यूएल इंजेक्शनच्या लॅबमध्ये एका खोट्या कंपनीचं वेब ॲप मिळतं. आपण ॲलिस नावाची कर्मचारी होऊन स्वतःचा पगार वाढवून घ्यायचा. मग प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरून तेच भोक बुजवायचं. हा दुसरा भाग सोडू नका, नोकरी त्याचीच मिळते.

लॅपटॉप नाहीये? ओव्हरदवायरचा 'बँडिट' हा खेळ अँड्रॉइड फोनवर टर्मक्समधून खेळता येतो. तिथलं मशीन त्यांचं, आणि शिरायची परवानगीही त्यांचीच.

एक अडचण मात्र खरी आहे. घरी अडलं तर शेजारी सर नसतात. म्हणून वहीत तीन गोष्टी लिहा: काय टाइप केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एवढं लिहून विचारलंत, तर समोरच्याला लांबूनही मदत करता येते.

काल रात्री बहिणीचा स्क्रीनशॉट आला. ॲलिसचा पगार वाढला होता! मी विचारलं, "भोक बुजवलंस?"

"नाही अजून."

"मग अभ्यास अर्धाच झालाय."